थांबणारी गाडी आणि थांबवलेली गाडी

रविवारी शाळेचा गणवेश घातलेली पोरं तुम्ही कधी पाहिलीयेत? मी पाहिली. गेल्या महिन्यात, मलेशियाच्या केलांतान राज्यात, दाबोंग नावाच्या एका लहानशा स्टेशनवर. त्या पोरांमुळे माझ्या मनात आधीच लिहून तयार असलेला एक छान, हिरवागार प्रवासलेख फुकट गेला. त्याऐवजी हा लिहितोय.

तर झालं असं. कामानिमित्त सध्या क्वालालंपूरला मुक्काम आहे. सोमवार ते शुक्रवार क्लायंटच्या ऑफिसात एसीत कुडकुडत बसायचं आणि विकांताला 'काहीतरी बघून' यायचं. टीममधल्या मंडळींनी लंकावी, पेनांग केव्हाच उरकून टाकलंय. माझ्या डोक्यात मात्र आल्यापासून एकच खूळ होतं, जंगल रेल्वे.

दक्षिणेकडच्या गेमासपासून थेट थायलंडच्या सीमेजवळच्या तुम्पातपर्यंत जाणारा हा ५२६ किलोमीटरचा मार्ग. एकेरी, मीटरगेज, डिझेलवरचा. कागदोपत्री त्याचं नाव 'पूर्व किनारा मार्ग', पण गाडी धावते ती किनारा लांब ठेवून, देशाच्या पोटातून. त्यामुळे हौशी प्रवाशांनी त्याचं नाव ठेवलंय जंगल रेल्वे. जालावर याचे फोटो शोधलेत तर वेड लागेल. उघड्या दारात पाय सोडून बसलेले गोरे लोक, खिडकीतून आत येणाऱ्या फांद्या, धुक्यातले डोंगर. मी कोकणातला. दारात बसून प्रवास म्हटलं की माझे पाय आपोआप शिवशिवतात.

शनिवारी बसने गुआ मुसांगला पोचलो. मलय भाषेत 'गुआ' म्हणजे गुहा आणि 'मुसांग' म्हणजे उदमांजर. गावाचं नावच उदमांजराची गुहा! स्टेशनाजवळच चुनखडीचा एक उभा सुळका आहे, अंगावर झाडं घेतलेला. आपल्या सह्याद्रीत डोंगर कसे एका कुळातले वाटतात, थरावर थर, सगळ्यांचे माथे सपाट. इथले सुळके मात्र सपाट जमिनीवर कोणीतरी आणून ठेवून विसरून गेल्यासारखे उभे असतात. म्हटलं, सुरुवात तर झकास झाली. उद्या रविवार, आपला आणि सगळ्यांचा सुटीचा दिवस. गाडी रिकामी असणार. खिडकी आपली, दार आपलं, जंगल आपलं.

रविवारी गाडी आली आणि पहिला भ्रमनिरास झाला. चकचकीत, तीन डब्यांची, बंद काचांची एसी डिझेल गाडी! फोटोतले जुने डबे इथल्या रोजच्या लोकल गाड्यांवरून २०२१ च्या सुमारास गेले आणि त्यांच्या जागी चिनी बनावटीच्या या नव्या गाड्या आल्या. दार मोटरवर बंद होतं. पाय सोडून बसायचा प्रश्नच मिटला. चरफडत काचेला नाक लावून बसलो.

दुसरा भ्रमनिरास जंगलाचा. गैरसमज नको, जंगल आहे. आणि जिथे आहे तिथे असं आहे की आपलं आंबोली-कोयनेचं रानसुद्धा त्याच्यापुढे विरळ वाटावं. बांबूची बेटं, रानकेळी, झाडावर झाड, त्यावर वेल, वेलीवर नेचे. जमीन अशी कुठे दिसतच नाही. मध्येच गालास नदी दिसते, दुधाळ चहाच्या रंगाची. पण दहा मिनिटांनी हे सगळं संपतं आणि रबराचे मळे सुरू होतात, मग तेलताडाचे. एकाच उंचीची, एकाच अंतरावर लावलेली, कवायतीला उभी केल्यासारखी झाडं. पुन्हा थोडं रान, पुन्हा ताड. 'जंगल रेल्वे' म्हणणाऱ्यांनी फोटो काढताना ताड कसे बरोबर टाळले, याचं कौतुक वाटलं. (मीही नंतर तेच केलं, ते सोडा.)

तिसरी गोष्ट म्हणजे, गाडी रिकामी नव्हती. एक आजी, इकडे त्यांना आदराने 'माकचिक' म्हणतात, म्हणजे आपल्या मावशी-काकू, माझ्या समोर येऊन बसल्या. सोबत दोन बोचकी. त्यातून 'पेताई'च्या लांब शेंगांच्या जुड्या बाहेर डोकावत होत्या. पेताईचा वास ज्याने घेतलाय त्याला एसी डब्यात काय झालं असेल ते सांगायला नको. आजींनी बोचकी पायाने सीटखाली ढकलली, वर एक पिशवी ठेवली आणि माझ्याकडे बघून हसल्या. ते बोचकं ढकलणं, ते हसणं... मला एकदम उक्षीची आत्ते आठवली. तिच्यावर येतोच पुढे.

गाडी थांबत होती. सारखी थांबत होती. काही ठिकाणी फलाट म्हणावा असा फलाट, काही ठिकाणी नुसता ओटा आणि पत्र्याची शेड. दोघं उतरायचे, एक चढायचा. मी फोनवर वेग मोजत बसलो होतो, सवय वाईट! सरासरी ताशी पन्नाससुद्धा पडत नव्हती. मनात आलं, बसने गेलो असतो तर एव्हाना नासी केराबू खात बसलो असतो.

आणि मग दाबोंग आलं. गणवेशातली पोरं-पोरी डब्यात घुसली. मुली पांढऱ्या कुर्त्यात आणि फिकट निळ्या घोळदार स्कर्टमध्ये, डोक्याला पांढरं वस्त्र, मुलगे पांढरा सदरा आणि हिरवट पँटमध्ये. दप्तरं, खाऊ, कालवा. मी चक्रावलो. रविवारी शाळा? शेजारी टेकलेल्या एका मुलाला विचारलं. तो माझ्याकडे 'हा कुठून आला' अशा नजरेने बघत म्हणाला, आज तर आठवड्याचा पहिला दिवस! केलांतानमध्ये साप्ताहिक सुटी शुक्रवार-शनिवारी असते. हे मला माहीत असायला हवं होतं, पण माझ्या कॅलेंडरात जगभरचा विकांत एकच असतो ना.

म्हणजे मी ज्या गाडीत निसर्ग बघायला बसलो होतो, ती त्यांची शाळेची गाडी होती. आजींची बाजाराची गाडी होती. त्या डब्यात सुटीवर असलेला मी एकटाच होतो.

पोरं पुढच्या थांब्यांवर दोन-दोन, चार-चार करत उतरत गेली. एका ठिकाणी तिघं उतरली तिथे मला काचेतून एकही घर दिसलं नाही. नुसती झाडी आणि तिच्यात शिरणारी एक पायवाट. माझ्या नकाशात ते 'काहीच नाही' होतं. त्यांच्यासाठी ते घर होतं.

इथे जरा इतिहास सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. १९०९ च्या करारात केलांतान सयामकडून इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आलं. हा मार्ग दोन्ही टोकांकडून तुकड्या-तुकड्याने बांधला गेला. गेमासकडचा पहिला तुकडा १९१० मध्ये सुरू झाला आणि पूर्ण मार्ग जोडला गेला १९३१ मध्ये. काम चालू असतानाच १९२६ च्या अखेरीला केलांतानमध्ये महापूर आला. तिकडे त्याला 'बाह मेराह' म्हणतात, म्हणजे लाल पूर. मग महायुद्ध आलं. जपान्यांनी या मार्गाचे बरेच रूळ उखडले आणि सयाम-बर्माच्या कुप्रसिद्ध रेल्वेसाठी नेले. त्याच कामावर मलायातल्या मळ्यांमधले हजारो तमिळ मजूरही नेले गेले. त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. युद्धानंतर मार्ग पुन्हा बांधावा लागला.

आणि अलीकडचं म्हणजे डिसेंबर २०१४ चा पूर. हा 'बाह कुनिंग', पिवळा पूर. केमुबूचा रेल्वेपूल वाहून गेला. गाड्या टप्प्याटप्प्याने सुरू झाल्या, पण नवा पूल होऊन अख्खा मार्ग पुन्हा जोडला जायला २०१८ उजाडलं. त्या मुलाने दुभाषाचं काम केलं म्हणून आजींना विचारता आलं, गाडी नव्हती तेव्हा काय करायचात? आजींनी हाताने गाडीच्या चाकासारखा गोल केला आणि भरभर काहीतरी बोलल्या. मुलगा म्हणाला, भाड्याच्या गाडीने जायच्या, आणि शेंगा विकून आलेले पैसे भाड्यातच जायचे. मग जाणंच सोडलं. गाडी आल्यावर परत सुरू केलं.

एवढंच. त्यात तक्रार नव्हती. मला मात्र माझ्या फोनवरचा तो सरासरी वेगाचा आकडा बघायची लाज वाटायला लागली.

कारण बघा, मी गाडी मोजत होतो ती गुआ मुसांग ते तुम्पात. त्या डब्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा बहुधा मी एकटाच होतो. आजी पाच-सहा थांब्यांसाठी बसल्या होत्या. पोरं एक-दोन थांब्यांसाठी. त्यांच्या लेखी गाडीचा 'सरासरी वेग' ही गोष्टच अस्तित्वात नाही. त्यांचा प्रश्न एकच, ती माझ्या इथे थांबते का आणि वेळेवर येते का. ज्या थांब्यांमुळे माझी गाडी 'स्लो' होती, तेच थांबे म्हणजे ती गाडी होती. ते काढून टाका, गाडी फास्ट होईल. आणि मग ती कोणासाठी धावेल? माझ्यासाठी. ज्याच्याकडे बसचेही पैसे आहेत आणि विमानाचेही. (त्याच संध्याकाळी मी कोटा भारूहून विमानाने परत आलो, सोमवारी स्टँड-अप मीटिंग होती.)

आता उक्षीची आत्ते.

आत्तेचं घर रत्नागिरीजवळ, उक्षी स्टेशनापासून पायी अर्ध्या तासावर. कोकणातला हा रेल्वेमार्ग १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाला तेव्हा आम्ही लहान होतो. आमच्यासाठी रेल्वे म्हणजे मे महिना. तिच्यासाठी रेल्वे म्हणजे चिपळूणचा डॉक्टर आणि मुंबईतला लेक. रत्नागिरी-दादर पॅसेंजर हे तिचं दारातलं वाहन. भल्या पहाटे कंदील, पुढे पुढे बॅटरी, घेऊन निघायचं. डोक्यावर तांदळाचं बोचकं, हातात फणस, पिशवीत कोकमं आणि कुळथाचं पीठ, आणि थेट दादरला उतरायचं. आत्तेभाऊ फलाटावर उभा असायचा. एकदा सामान चढवलं की मध्ये कुठे हलवायचं नाही, हा त्या प्रवासाचा सगळ्यात मोठा गुण. गाडीला तास किती लागतात याची तिने कधी एका शब्दाने तक्रार केली नाही. आम्हीच शहाणे म्हणायचो, "अगं आत्ते, एक्सप्रेसचं रिझर्वेशन काढून देतो ना!" ती म्हणायची, "तुझी एक्सप्रेस माझ्या उक्षीक थांबता काय रे?"

कोविडमध्ये २०२० साली सगळ्याच गाड्या बंद झाल्या. परत सुरू झाल्या तेव्हा ही पॅसेंजर दादरऐवजी दिव्यापर्यंतच येऊ लागली. नकाशावर बघितलं तर फरक बोटाच्या पेराएवढा. दिवा काय आणि दादर काय, लोकल आहे की! पण ज्याने दिव्याला गर्दीच्या वेळी लोकल पकडलीय, त्याने डोळ्यांसमोर आणावं... सत्तरीची बाई, दोन गुडघे दुखरे, डोक्यावर बोचकं, हातात फणस, पुलाचे जिने आणि मग ती लोकल. आत्ते एकदा आली. दुसऱ्यांदा आली ती फणस न घेता. त्यानंतर आली नाही. "आता तुम्हीच या रे," म्हणते.

तिने तक्रार केली नाही. कुठल्या रकान्यात तिची नोंद झाली असेल, तर 'प्रवासी संख्येत घट' अशीच झाली असेल. आणि अशी घट पुरेशी साठली की पुढच्या वेळी कोणीतरी म्हणणार, बघा, मागणीच नाही.

याच काळात देशभर इतरही गोष्टी झाल्या. आयआयटी मुंबईच्या मदतीने 'शून्याधारित वेळापत्रक' आखलं गेलं. कमी प्रवासी असलेले बरेच थांबे गेले. कितीतरी पॅसेंजर गाड्या 'स्पेशल' किंवा एक्सप्रेस म्हणून धावू लागल्या आणि कमीत कमी भाडं दहाचं तीस रुपये झालं. गाडी तीच, डबे तेच, तिकीट तिप्पट. जुने दर परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. दरम्यान जून २०२३ मध्ये मुंबई-मडगाव वंदे भारत सुरू झाली. आम्ही सगळ्यांनी तिचे फोटो टाकले. मीही टाकले. छान गाडी आहे, खोटं कशाला बोलू. पण आपण कोणाचा वेळ वाचला याचा आनंद साजरा करतोय आणि कोणाचा प्रवासच वाचला, म्हणजे झालाच नाही, हे आपल्याला दिसत नाही.

आता तुम्ही म्हणाल, रेल्वेच्या नावाने बोटं मोडणं सोपं आहे. बरोबर. म्हणून माझंच एक सांगतो.

दोन वर्षांपूर्वी आम्ही माल पोचवणाऱ्या ड्रायव्हर लोकांसाठी एक अ‍ॅप सांभाळत होतो. त्यात एक ऑफलाइन मोड होता. नेटवर्क नसेल तर नोंदी फोनवरच ठेवायच्या, नेटवर्क आलं की वर चढवायच्या. कोड जुना, किचकट, दर रिलीजला त्यातून काहीतरी फुटायचं. मी वापराचे आकडे काढले. एक आकडी टक्के! प्रेझेंटेशन केलं, मोठ्या अभिमानाने तो मोड काढून टाकला, अ‍ॅप सुसाट झालं, शाबासकी मिळाली. महिन्या-दोन महिन्यांनी कळलं की घाटातल्या आणि आडगावच्या मार्गांवरचे ड्रायव्हर आता वहीत नोंदी करून रात्री घरी जाऊन सगळं पुन्हा भरत होते. त्यांच्या पोचपावत्या 'उशिरा' दिसत होत्या आणि काहींचे पैसे कापले गेले होते. ते लोक संख्येने थोडेच होते. पण जिथे दुसरा काहीच पर्याय नाही, नेमके तिथले होते. आम्ही मोड परत आणला, कापलेले पैसे काही सगळ्यांचे परत मिळाले नाहीत. माझं आकडेवारीचं गणित चुकलं नव्हतं. किती जण वापरतात ते मी मोजलं, त्यांच्याकडे दुसरं काय आहे ते विचारलंच नाही.

दाबोंगच्या गाडीत बसून मला त्या ड्रायव्हरांची आठवण यावी यात नवल नाही.

आता दुसरी बाजू. ती मांडली नाही तर आमच्या धंद्यात त्याला इंजिनिअर म्हणत नाहीत. एकेरी मार्गावर सारखी थांबणारी गाडी ही खरोखर महागडी चैन असते. ती एकटी जेवढा वेळ रूळ अडवते तेवढ्यात एकापेक्षा जास्त वेगवान गाड्या निघून जातात. तिचं तिकीट स्वस्त, म्हणजे उत्पन्न कमी. कोकणात तर घाट, बोगदे, पावसाळ्यात वेगमर्यादा. वेळापत्रक आखणाऱ्याला दोष देणं सोपं आहे, त्याच्या खुर्चीत बसणं सोपं नाही. हे सगळं मान्य.

पण इथेच मला एक फरक करावासा वाटतो, आणि हा लेख त्या फरकासाठीच आहे. गाडी हळू असते ती दोन कारणांनी. एक, ती थांबते. दुसरं, ती थांबवली जाते. थांबणं म्हणजे माकचिकला चढू देणं, पोरांना उतरू देणं. मिनिटभराचा खेळ. थांबवणं म्हणजे मागून कोणीतरी मोठा येतोय म्हणून हिला बाजूच्या रुळावर घालून अर्धा-पाऊण तास उभी करणं. कोकणातल्या कुठल्याही पॅसेंजरमध्ये बसलेल्या माणसाला 'क्रॉसिंगला टाकली' हे शब्द सांगावे लागत नाहीत. पहिला उशीर ही त्या गाडीची सेवा आहे. दुसरा उशीर हा तिचा दर्जा दाखवतो, म्हणजे तिच्यातल्या माणसांचा आपल्या लेखी काय दर्जा आहे ते. आणि गंमत अशी की 'पॅसेंजर फार स्लो आहे, लोक बसत नाहीत' असं म्हणताना आपण दोन्ही उशीर एकाच खात्यात टाकतो आणि कापताना मात्र थांबे कापतो!

माझ्यासारख्या हौशी प्रवाशांचाही यात हात आहे. आम्हाला हळू गाडी आवडते. 'प्रवास हेच मुक्कामाचं ठिकाण' वगैरे लिहायला आम्ही मोकळे. उघडी खिडकी, गंजका पंखा, उशिरा सुटणारी गाडी, सगळ्यात आम्हाला काव्य दिसतं, कारण आम्हाला ते वर्षातून एकदा सोसायचं असतं. नव्या एसी डब्यांवर मी चरफडलो ना? मी त्या पोरालाही विचारलं, जुने डबे बरे होते की हे? त्याला प्रश्नच कळला नाही. बाहेर अंगाची लाही करणारा दमट उकाडा, वरून पाऊस कधीही, आणि हा परदेशी दादा विचारतोय की खिडकी उघडी असलेली बरी की नाही! रोज प्रवास करणाऱ्याला खिडकीतून फांदी आत यायला नको असते. त्याला बसायला जागा, स्वच्छ संडास आणि वेळेवर गाडी हवी असते. कुठल्याही स्वस्त गाडीला हे मिळू शकतं, हे त्या तीन डब्यांच्या गाडीने मला दाखवलं. छोटी, साधी, स्वच्छ, सगळीकडे थांबणारी. गरिबाची गाडी म्हणून ती मोडकीच असली पाहिजे असा कुठे नियम नाही.

आणि वेगवान गाडी नको असंही माझं म्हणणं नाही. मलेशियातही ती येतेय. ईसीआरएल नावाचा ६६५ किलोमीटरचा नवा मार्ग त्यांनी बांधायला घेतला. २०१७ मध्ये काम सुरू झालं, २०१८ मध्ये सरकार बदलल्यावर थांबलं, २०१९ मध्ये करार नव्याने करून परत सुरू झालं. विजेवरच्या गाड्या, ताशी १६० किलोमीटरपर्यंत वेग. कोटा भारूहून निघून तेरेंगानू, कुआंतान असं किनाऱ्याने खाली येऊन मग डोंगर पार करून क्वालालंपूरच्या बाजूला. गुआ मुसांग किंवा दाबोंग त्या मार्गावर नाहीतच. म्हणजे टोकाकडून टोकाकडे जाणाऱ्यांसाठी चांगली, वेगळी सोय होणार. उत्तम! तेव्हाच खरी परीक्षा आहे. लांबचे प्रवासी नव्या मार्गावर गेले की जुन्या मार्गाचे आकडे पडणार. कोणीतरी माझ्यासारखाच हुशार मुलगा प्रेझेंटेशन करणार, एक आकडी टक्के दाखवणार. त्या वेळी त्या खोलीत कोणीतरी 'या लोकांकडे दुसरं काय आहे?' हा एक प्रश्न विचारायला हवा.

तोच प्रश्न आपल्याकडेही विचारायला हवा, आणि तो आपणच विचारायला हवा, कारण आकड्यांच्या खोलीत आत्ते नसते, आपण असतो. थांबा काढायचा असेल तर तिथे किती लोक चढतात याच्या शेजारी, त्यांना दुसरं वाहन किती लांब, किती वेळाने आणि किती पैशांना मिळतं, हेही लिहा. गाडी कुठे किती मिनिटं थांबली आणि किती मिनिटं थांबवली गेली, हे दोन वेगळ्या रकान्यांत छापा. मग खुशाल निर्णय घ्या. कदाचित काही थांबे तरीही काढावे लागतील. पण निदान कोणाच्या वेळेसाठी कोणाचा प्रवास गेला, हे कागदावर दिसेल.

तुम्पातला उतरण्याआधीच आजी आणि त्यांची बोचकी केव्हाच उतरून गेली होती. वास मात्र शेवटपर्यंत डब्यात होता. :)

परत आल्यावर आत्तेला फोन केला. म्हटलं, "आत्ते, इकडे तुझ्यासारखीच एक बाई भेटली गाडीत. दोन बोचकी घेऊन." तिने पहिला प्रश्न विचारला, "आणि उतरताना कोण होता तिका घ्यायक?"

मला ते बघायचं सुचलंच नव्हतं. मी तेव्हा काचेतून जंगलाचा फोटो काढत होतो.